थ्रेड : नंदुरबारची शांतता नेमकी कोणी घडवली?

१/ नंदुरबार जिल्ह्याविषयी एक समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे. हा मुलूख मूळचा शांत होता, येथील माणसे साधीभोळी होती आणि १९७०च्या दशकात बाहेरून आलेल्या चळवळ्यांनी तो अशांत केला, असे हा समज सांगतो. भाषणांत, गप्पांत आणि कधी कधी अभ्यासू म्हणवणाऱ्या लेखांतही तो डोकावतो. कागदोपत्री इतिहास मात्र नेमका उलट आहे. ज्यांच्यावर शांतता बिघडवल्याचा आरोप झाला, त्यांनीच या जिल्ह्यात शांततेचा पाया घातला.

२/ 'शांतता' हा शब्द येथे प्रथम कोणी आणि कशासाठी वापरला, हे आधी पाहावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातील भिल्लांनी नव्या सत्तेपुढे मान तुकवली नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली खानदेशात 'भिल्ल कोअर' उभी राहिली. भिल्लांनाच शिपाई करून भिल्लांचा बंदोबस्त करायचा, अशी ही योजना होती. इंग्रजी दप्तरात या कारवाईचे वर्णन 'मुलूख शांत केला' असेच आढळते.

३/ त्या शांततेत घडले काय? तापीकाठची काळी, सुपीक जमीन हळूहळू आदिवासींच्या हातून निसटली. सावकाराचे कर्ज, न वाचता येणारे कागद, अंगठ्याचा ठसा आणि कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत नसणे, एवढी साधने त्यासाठी पुरेशी होती. गोळी क्वचितच झाडावी लागली. ज्याची जमीन होती तोच त्याच जमिनीवर 'सालदार' म्हणून राबू लागला. वर्षभराच्या बोलीवर बांधलेला, उचल फेडता फेडता पुढच्या सालात अडकणारा हा माणूस. गावात भांडण नव्हते, कारण भांडण्याची सोय नव्हती.

४/ या स्थितीला पहिले मोठे उत्तर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा भागातून आले. मोरवड येथील गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये एक भक्तिपंथ सुरू केला. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला एकत्र या, अशी त्यांची शिकवण होती. तिच्यातील सर्वांत क्रांतिकारक गोष्ट वरवर अगदी किरकोळ भासते. अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणू लागले आणि 'आप की जय' हे त्यांचे अभिवादन ठरले.

५/ ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या 'अरे-तुरे'च ऐकावे लागले, त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणणे ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही. त्यात दोन्ही माणसांची प्रतिष्ठा मान्य होते. हजारो आदिवासी आरतीसाठी जमू लागले. दारूचे गुत्ते ओस पडले तर कोणाचा धंदा बुडणार होता आणि एकत्र जमणारी माणसे उद्या काय मागणार होती, हे हितसंबंधीयांनी अचूक ओळखले. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले. त्यांचे कार्य पुढे नेणाऱ्या रामदास महाराजांना हद्दपारीला सामोरे जावे लागले. दारू सोडा असे सांगणारा माणूस सरकारला शांततेचा शत्रू वाटला, ही नोंद पुढील साऱ्या घटना वाचताना विसरता कामा नये.

६/ त्यानंतर १९४२. 'चले जाव'ची घोषणा होऊन महिना झाला होता. ९ सप्टेंबर रोजी नंदुरबार शहरात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. हाती तिरंगा, मुखी घोषणा आणि शस्त्र म्हणावे असे काही नाही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. म्हणजे त्या दिवशी तो सोळा वर्षांचाही झाला नव्हता.

७/ या पाच नावांकडे नीट पाहावे. घरात गुजराती बोलणारी मुले आणि मराठी बोलणारा मुलगा एकाच मिरवणुकीत होते. नंदुरबार हे सीमेवरचे व्यापारी गाव. अहिराणी, गुजराती, भिली, मराठी, उर्दू अशा अनेक बोली तेथील बाजारात एकाच वेळी कानी पडतात. त्या गावाने १९४२ मध्ये भाषेची वा जातीची चौकशी न करता रस्त्यावर उतरणे पसंत केले. सरकारच्या लेखी ती बेकायदा जमावाची कृती होती. आज तिचे स्मारक आहे आणि तसे ते असायलाच हवे.

८/ येथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या तीस वर्षांनंतर. १९४२च्या मुलांना अभिवादन करणारी लेखणी १९७२च्या आदिवासी शेतमजुरापाशी आली की अडखळते. पहिल्याला ती हुतात्मा म्हणते, दुसऱ्याच्या कृतीला 'अशांतता' म्हणते. दोघांनीही प्रस्थापित व्यवस्थेला निःशस्त्र प्रश्न विचारला होता. फरक एवढाच की पहिल्या प्रश्नाचा रोख इंग्रजावर होता आणि दुसऱ्याचा गावातल्याच धन्यावर.

९/ शहादा हे आज शिक्षणसंस्थांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील मोठ्या शिक्षणसंस्थेला पूज्य साने गुरुजींचे नाव आहे. नाव यथार्थ आहे, कारण गुरुजींचे खानदेशाशी नाते जुने. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच उतरवून घेतली. मात्र याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभले, तेव्हा सनातनी मंडळींना तेही शांततेचा भंग करणारेच वाटले होते. खरा तो एकचि धर्म शिकवणारा शिक्षकही कुणाच्या तरी दृष्टीने उपद्रवी ठरतोच.

१०/ आता शहादा तालुक्यातील १९७०चे चित्र. सिंचन आणि नगदी पिके यांमुळे सधन शेतीचा विस्तार झालेला. त्याच शेतांवर आदिवासी सालदार आणि रोजंदारीचे मजूर. पिकांची चोरी होते, जनावरे शेतात शिरतात, अशी कारणे देऊन जमीनमालकांनी 'पीक संरक्षण सोसायट्या' स्थापन केल्या. नावात संरक्षण होते. व्यवहारात ती पगारी राखणदारांची फौज होती आणि तिचा धाक भुकेल्या मजुरावर चालत असे. शांततेची व्याख्या करण्याचा अधिकार पुन्हा एकदा बलवानाकडेच होता.

११/ मे १९७१ मध्ये पाटीलवाडीची घटना घडली. धान्यासाठी फिरणाऱ्या आदिवासींशी संघर्ष झाला, सधन शेतकऱ्यांच्या बाजूने गोळीबार झाला आणि एक आदिवासी मारला गेला. या एका घटनेने शहाद्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले. पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुण आले. 'बाहेरचे लोक' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते हेच. क्रम लक्षात घ्यावा : आधी गोळी सुटली, मग बाहेरचे आले.

१२/ आणि त्यांच्याही आधी तेथे अंबरसिंग महाराज होते. अंबरसिंग सुरतवंती, शहादा तालुक्यातील पाडळद्याचे भिल्ल तरुण. भजने म्हणत म्हणून लोक त्यांना 'महाराज' म्हणत. गुलाम महाराजांनी भजन-आरतीतून जी एकजूट घडवली होती, तिचीच वाट अंबरसिंगांनी सर्वोदयाच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेशी जोडली. पाटीलवाडीनंतर ग्राम स्वराज्य समिती उभी राहिली. तिच्या मागण्या कोणत्या? बळकावलेली जमीन परत मिळावी, मजुरी वाढावी, सालदारांना माणसासारखे वागवावे. यातील कोणती मागणी शांततेच्या विरोधात होती?

१३/ ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. दिवस गांधीजींच्या हौतात्म्याचा. हजारो आदिवासी तालुक्याच्या गावी आले आणि त्यांनी आपल्या जमिनींचा हिशोब जाहीरपणे मागितला. ज्या बाजारपेठेत ते एरवी मान खाली घालून मिठा-तेलासाठी येत, तेथे ते त्या दिवशी नागरिक म्हणून उभे राहिले. शहाद्याच्या इतिहासात याहून मोठा शांतता मेळावा शोधू जाता सापडणे कठीण. त्याला मात्र 'शांतता मेळावा' कोणी म्हणत नाही.

१४/ त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. १९७२च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीची कामे, किमान मजुरी आणि धान्य हे प्रश्न तिने हाती घेतले. कुमार शिराळकरांसारखे अभियंते आपला व्यवसाय सोडून येथे राहिले. पुढे सर्वोदयी आणि डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांत मार्गावरून अंतर पडले. हे अंतर पुढे करून, गांधीवादी तेवढे शांततावादी आणि बाकीचे भडकावणारे, अशी सोयीची वाटणी केली जाते. सालदाराच्या दृष्टीने ती वाटणी निरर्थक होती. त्याच्यासाठी दोन्ही गटांनी मागितले ते एकच : जमीन, मजुरी आणि मारहाणीपासून मुक्तता.

१५/ या चळवळीचा सर्वांत दूरगामी भाग स्त्रियांनी घडवला. शिबिरांमध्ये एकत्र आलेल्या आदिवासी स्त्रियांनी आपल्या दुःखाचे मूळ सांगितले ते दारूच्या गुत्त्यात. त्या गावोगाव निघाल्या, गुत्त्यांवर धडकल्या, दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. घराच्या चार भिंतींत चाललेली मारहाण ही 'घरगुती बाब' असते आणि ती बाहेर बोलल्यास गावाची शांती भंगते, हा समज त्यांनी मोडीत काढला. महाराष्ट्रातील शहरी स्त्रीमुक्ती चळवळीला १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाने बळ दिले. शहाद्याच्या स्त्रिया त्याआधीच रस्त्यावर होत्या.

१६/ येथे प्रामाणिक आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. मडकी फोडणे, नवऱ्याला चोप देणे, धन्याला घेराव घालणे यांत बळाचा वापर नव्हता काय? होता. चळवळीतील प्रत्येक कृती अहिंसेच्या कसोटीला उतरते, असा दावा करणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. प्रश्न मापाचा आहे. फुटलेल्या मडक्याचे नाव हिंसा ठेवायचे आणि त्या मडक्यापायी पिढ्यान्‌पिढ्या फुटलेल्या डोक्यांचे नाव परंपरा ठेवायचे, हे माप खोटे आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच वजने पडली पाहिजेत.

१७/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीच्या आतूनच आला. वाहरू सोनवणे हे शहादा परिसरातील भिल्ल कार्यकर्ते आणि कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७चा. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच असा की आदिवासींचे दुःख आदिवासींनाच ऐकवणारे नेते व्यासपीठावर बसतात आणि ज्यांचे ते दुःख असते ते खालीच राहतात. शिकलेल्या, सहृदय कार्यकर्त्यांनाही हा प्रश्न झोंबला आणि झोंबायलाच हवा होता.

१८/ 'बाहेरच्यांनी पेटवले' म्हणणारे या टीकेचा आधार घेऊ पाहतात. त्यांना तो आधार मिळत नाही. सोनवणे यांनी चळवळ करू नये असे म्हटले नाही. व्यासपीठ कोणाचे, हे त्यांनी विचारले. चळवळ थांबवा आणि चळवळ आमच्या हाती द्या, या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय आदिवासी साधाभोळा आहे, तो स्वतःहून काही करणार नाही, त्याला कोणी तरी चेतवावे लागते, हे गृहीतक 'बाहेरच्यां'च्या आरोपाच्या मुळाशी असते. ते आरोपकर्त्यांचे अज्ञान दाखवते.

१९/ तिसरा युक्तिवाद असा की आंदोलनाची गरजच नव्हती, कायद्यानेच प्रश्न सुटले असते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४चा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची तरतूद त्यात आहे. तारखा पुन्हा पाहाव्यात. शहाद्याचा भूमुक्ती मेळावा १९७२चा. सतरा वर्षे जमिनी जात राहिल्या, हे कायद्यानेच मान्य केले, आणि ते मान्य केले तेही माणसे रस्त्यावर आल्यानंतर. कायदा आपल्या पायांनी शहाद्याला चालत आला नाही.

२०/ अंबरसिंग महाराज १९७४ मध्येच गेले. कायद्याची अंमलबजावणी पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये शहाद्याच्या चळवळीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमृता बसू यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात पश्चिम बंगालच्या अनुभवाशी तिची तुलना केली. परदेशी विद्यापीठांत ज्या तालुक्याची आंदोलने अभ्यासली गेली, त्या तालुक्याच्या स्वतःच्या स्मृतिदिनांत त्यांना जागा किती, हा प्रश्न अप्रिय आहे. म्हणूनच तो विचारला पाहिजे.

२१/ तीच गोष्ट नर्मदाकाठची. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी गावे जाणार होती, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत अग्रभागी. नर्मदा बचाव आंदोलनातील गावकऱ्यांनी उपोषणे केली, मोर्चे काढले, चढत्या पाण्यात उभे राहून सत्याग्रह केला. शाळा कागदावर होती आणि शिक्षक येत नव्हते, तेथे १९९०च्या दशकात 'जीवनशाळा' उभ्या केल्या आणि मुलांना त्यांच्या बोलीतूनही शिकवले. बुडणाऱ्या गावाने शाळा बांधावी, याहून शांततेवरचा मोठा विश्वास कोणता?

२२/ नोव्हेंबर १९९३ मध्ये याच खोऱ्यात बुडिताच्या सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन आदिवासी मुलगा मारला गेला. शिरीषकुमार आणि रेहमल. आजच्या एकाच जिल्ह्याची दोन मुले, दोघेही मिसरूड न फुटलेल्या वयाचे, दोघेही पोलिसांच्या गोळीने गेले. पहिल्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसऱ्याचे किती जणांनी ऐकले आहे? शिरीषकुमारचा मान याने तसूभरही कमी होत नाही. उलट त्याच्या स्मारकापुढे उभे राहणाऱ्याची जबाबदारी वाढते.

२३/ हा वाद केवळ जुन्या तारखांचा नाही. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार येथील जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जिल्ह्याचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते त्यात या ६९ टक्क्यांचे कर्तृत्व किती आणि केवळ 'साधेभोळेपण' किती, यावर उद्याच्या विद्यार्थ्याचा आत्मसन्मान अवलंबून आहे.

२४/ सणवार जवळ आले की महाराष्ट्रातल्या गावोगाव पोलीस ठाण्यात 'शांतता समिती'ची बैठक होते. निरनिराळ्या धर्मांचे प्रतिष्ठित एकत्र बसतात, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरते. हे काम उपयोगाचे आहे. दंगल टळली तर जीव वाचतात. पण त्या बैठकीत सालदार बसतो का? ऊसतोडीला गेलेल्याची बायको बसते का? मिरवणुकीपुरती राखलेली शांतता ही शांततेची पहिली इयत्ता झाली. शहाद्याच्या मजुरांनी १९७२ मध्ये पुढच्या इयत्तेचा धडा घालून दिला होता. मजुरी, जमीन आणि मान यांचा निवाडा झाल्याखेरीज गावात खरा सलोखा नांदत नाही, हा तो धडा.

२५/ शहाद्याच्या त्या पिढीतील माणसे आता थकली आहेत. कुमार शिराळकर ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. भूमुक्ती मेळाव्याला विशीत असलेला मजूर आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याची साक्ष कोणत्याही दप्तरात नाही. इतिहासाची आवड असणाऱ्या नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यांची छायाचित्रे जरूर जमवावीत. त्याबरोबर एखाद्या आजीला, गुत्त्यावरचे मडके पहिल्यांदा कोणी उचलले, हेही विचारावे. जुनी पत्रके, शिबिरांतली गाणी, सातबाऱ्यावरच्या नोंदी जपाव्यात. भिली बोलीतली साक्ष भिलीतच लिहून घ्यावी.

२६/ आणि जिल्ह्याच्या दिनदर्शिकेत ९ सप्टेंबरच्या जोडीने ३० जानेवारी यावा. गांधीजींसाठी तो दिवस पाळला जातोच. नंदुरबार जिल्ह्यात त्या दिवसाला आणखी एक अर्थ आहे : याच तारखेला शहाद्यात हजारो निःशस्त्र माणसांनी आपली जमीन मागितली होती. त्यांना अशांत म्हणणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे की, त्यापूर्वीची शांतता नेमकी कोणाच्या घरात नांदत होती.

(थ्रेड समाप्त)